राणीविरहित वसाहत व नव्या राणीची जोपासना

१. विषयप्रवेश

मधमाशी हा समाजप्रिय कीटक आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु या समाजाचे आयुष्य एकाच जीवावर कसे अवलंबून असते, याची कल्पना फार थोड्यांस असते. मधमाश्यांच्या एका वसाहतीत हजारो कामकरी माश्या असतात, हंगामात काही शे नर असतात. राणी मात्र एकच असते. संपूर्ण वसाहतीतील अंडी तीच घालते. कामकरी माशीचे आयुष्य कामाच्या दिवसांत पाचसहा आठवड्यांहून अधिक नसते. म्हणजे वसाहतीत दररोज शेकडो माश्या मरत असतात आणि तितक्याच, किंबहुना अधिक, नव्याने जन्मास येत असतात. हा जन्मप्रवाह राणीमुळे चालतो. राणी नाहीशी झाली की तो थांबतो आणि मृत्यूचा क्रम मात्र चालूच राहतो.

राणी नाहीशी होण्याची कारणे अनेक आहेत. वार्धक्य, रोग, मीलनाच्या उड्डाणात पक्ष्याने टिपणे, आणि पेटी तपासताना मधपाळाच्या हातून चौकटीखाली चिरडली जाणे, ही त्यांतील मुख्य होत. अशा वेळी वसाहत काय करते, तिला नवी राणी कशी लाभते, आणि माणसाने तिला कोणत्या रीतीने साहाय्य करावे, याचे विवेचन या पाठात केले आहे.

येथील वर्णन प्रामुख्याने आपल्या देशातील पाळीव माशीला, म्हणजे महाराष्ट्रात जिला सातेरी म्हणतात त्या जातीला, अनुलक्षून आहे. ही माशी झाडांच्या ढोलीत, जुन्या भिंतींच्या पोकळीत व खडकांच्या कपारीत एकमेकांस समांतर अशी अनेक पोळी बांधते. म्हणून ती लाकडी पेटीत राहू शकते. सह्याद्रीतील कड्यांवर, तसेच बंगालमधील सुंदरबनाच्या खारफुटीत, उघड्यावर एकच मोठे पोळे बांधणारी आग्या माशी पेटीत पाळता येत नाही. सुंदरबनातील मध गोळा करणारे ‘मौले’ ज्या पोळ्यांच्या शोधात जंगलात शिरतात, ती या आग्या माशीची असतात.

२. कलकत्ता आणि मधमाशापालन

चौकटींच्या पेटीत माश्या पाळण्याची विद्या हिंदुस्थानात प्रथम बंगालच्या मार्गाने आली. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाने १८५१ साली असे ओळखले की, दोन पोळ्यांच्या मध्ये अथवा पोळे आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये माशीला जाण्यायेण्यापुरती ठरावीक फट ठेवली, तर माश्या ती मेणाने भरून टाकीत नाहीत. यामुळे पोळे न मोडता पेटीतून बाहेर काढून पाहणे शक्य झाले. या नव्या पेट्यांचे प्रयोग १८८० च्या सुमारास बंगालमध्ये सुरू झाले. भारतीय तारखात्यातील जॉन डग्लस या अधिकाऱ्याने १८८४ साली हिंदुस्थानातील मधमाशापालनावर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. कलकत्ता तेव्हा देशाची राजधानी होती. हे आरंभीचे प्रयत्न फारसे फळास आले नाहीत. पुढे १९१० नंतर दक्षिणेत पाद्री न्यूटन यांनी स्थानिक माशीच्या आकारमानाला साजेशी लहान पेटी तयार केली आणि सातेरी माशी पेटीत नांदू लागली. महाराष्ट्रात महाबळेश्वरच्या परिसरात हा धंदा रुजला, आणि १९६२ साली पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली.

चौकटीच्या पेटीचा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, पोळे बाहेर काढून पाहता येऊ लागल्यावरच वसाहतीस राणी आहे की नाही हे निश्चित सांगता येऊ लागले. त्यापूर्वी वसाहत मेल्यावरच तिची राणी नाहीशी झाली होती असा तर्क करावा लागे.

कलकत्त्याचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे. जगदीशचंद्र बसू यांनी १९१७ साली स्थापन केलेल्या बसू विज्ञान मंदिरात गोपालचंद्र भट्टाचार्य (१८९५–१९८१) हे कीटकनिरीक्षक काम करीत असत. आंब्यासारख्या झाडांवर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. अळीला मिळणारे अन्न आणि त्या अळीपासून होणारी राणी अथवा कामकरी मुंगी यांचा संबंध काय, हा त्यांच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय होता. मधमाशीच्या राणीचा प्रश्नही नेमका हाच आहे. भट्टाचार्य यांनी आपली निरीक्षणे सामान्य वाचकांसाठी बंगालीत लिहिली आणि सत्येंद्रनाथ बोस यांच्या पुढाकाराने १९४८ साली स्थापन झालेल्या वंगीय विज्ञान परिषदेच्या ‘ज्ञान ओ विज्ञान’ या मासिकाच्या संपादनाचे कार्यही केले.

३. राणी जन्मत नाही, घडविली जाते

राणी आणि कामकरी माशी या दोघी एकाच प्रकारच्या अंड्यापासून निर्माण होतात. दोघीही माद्याच आहेत. राणीने फलित अंडे घातले की त्यापासून मादी होते, अफलित अंडे घातले की नर होतो. नर हा पित्यावाचून जन्मतो, हा सिद्धांत सायलेशियातील योहान झिरझोन या धर्मोपदेशकाने १८४५ साली मांडला.

कामकरी माशीच्या अळीपासून राणी होऊ शकते, हे त्याच्याही पूर्वी कळले होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅक्सनी प्रांतातील शिराख याने राणीवाचून काही माश्या पिलाव्याच्या तुकड्यासह कोंडून ठेवल्या. पिलावा म्हणजे पोळ्यातील अंडी, अळ्या व कोश. त्या माश्यांनी साध्या अळीपासून राणी तयार केली. जिनिव्हाचे फ्रांस्वा ह्यूबर यांनी ही गोष्ट पुन्हा तपासून १७९२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तिला दुजोरा दिला. ह्यूबर दृष्टिहीन होते. प्रयोग ते योजीत आणि त्यांचा सेवक ब्यूर्नां हा डोळ्यांनी पाहून त्यांना वृत्तांत सांगे.

मग एकाच अंड्यापासून दोन इतके भिन्न जीव कसे होतात? याचे उत्तर अन्नात आहे. अंड्यातून बाहेर आलेल्या प्रत्येक अळीला तरुण कामकरी माश्या आपल्या डोक्यातील ग्रंथींतून पाझरणारा दुधाळ रस भरवितात. कामकरी व्हावयाच्या अळीला हा पौष्टिक रस सुमारे तीन दिवस मिळतो; पुढे तिच्या अन्नात मध व पराग मिसळले जातात. राणी व्हावयाच्या अळीला मात्र तो शेवटपर्यंत, आणि तोही इतका विपुल मिळतो की ती त्यावर अक्षरशः तरंगत असते. या रसास राजान्न म्हणतात. राजान्नावर वाढलेल्या अळीच्या अंडाशयांत असंख्य अंडनलिका तयार होतात, तर कामकरी माशीच्या अंडाशयांत त्या मोजक्याच राहतात. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी असे दाखविले की, अळीच्या आनुवंशिक द्रव्यावर विशिष्ट रासायनिक खुणा उमटविणारे एक विकर दडपले, तर राजान्नाच्या विशेष पुरवठ्यावाचूनही पुष्कळशा अळ्या राणीसारख्या होतात. म्हणजे जनुके तीच राहतात. अन्नामुळे त्यांतील कोणती जागी राहावीत व कोणती निजावीत, हे बदलते.

यावरून एक महत्त्वाची मर्यादा लक्षात येते. अळी तीन दिवसांची होऊन गेली की तिच्यापासून चांगली राणी होण्याची वेळ निघून जाते. राणी गमावलेल्या वसाहतीची सारी कथा या मर्यादेभोवती फिरते.

४. वसाहतीला राणीचा वियोग कसा कळतो?

राणीच्या जबड्याजवळील ग्रंथींतून एक गंधद्रव्य पाझरते. तिच्या भोवती असणाऱ्या माश्या तिला चाटतात, स्पर्श करतात, आणि परस्परांच्या संपर्काने ते द्रव्य वसाहतभर पसरते. इंग्लंडमधील कॉलिन बटलर यांनी १९५४ च्या सुमारास या ‘राणीद्रव्या’ची कल्पना मांडली, आणि १९६० च्या सुमारास त्यातील मुख्य आम्लाची रासायनिक रचना निश्चित झाली. १९८८ साली कॅनडातील संशोधकांनी दाखविले की, हे एक द्रव्य नसून पाच घटकांचे मिश्रण आहे. ‘राणी आहे’ हा निरोप या गंधाने घरोघर पोहोचतो. तो येणे थांबले की काही तासांतच वसाहतीत अस्वस्थता पसरते.

राणी नसल्याची लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) माश्या दाराशी व पोळ्यांवर सैरावैरा धावतात. झाकण उघडताच नेहमीच्या गुंजारवाऐवजी लांबट, कण्हल्यासारखा आवाज येतो.

(आ) पराग आणणाऱ्या माश्यांची संख्या घटते.

(इ) पोळ्यात अंडी दिसत नाहीत. यासंबंधी एक उपयुक्त खूण अशी : अंडे पहिल्या दिवशी घराच्या तळाशी उभे असते, दुसऱ्या दिवशी कलते आणि तिसऱ्या दिवशी आडवे होते. उभे अंडे दिसले, तर गेल्या चोवीस तासांत राणी तेथे होती असे समजावे.

(ई) पोळ्याच्या मधोमध साध्या घरांचे रुंद, खाली लोंबणारे राणीघर झालेले दिसते.

शेवटचे लक्षण नीट ओळखले पाहिजे. राणीघरे तीन प्रसंगी बांधली जातात. वसाहत भरभराटीत असून तिला विभागून उडून जावयाचे असते, तेव्हा ती पोळ्याच्या खालच्या कडेला अनेक असतात. राणी म्हातारी झाल्यास तिच्या हयातीतच एकदोन राणीघरे बांधून तिची जागा भरली जाते. राणी अकस्मात गेली असता मात्र माश्यांना नवे घर पायापासून बांधण्यास सवड नसते. म्हणून त्या अळी असलेले साधे घरच रुंद करून खाली वळवितात. हे आपत्कालीन राणीघर होय.

राणी आहे की नाही याचा निर्णय होत नसेल, तर एक सोपी कसोटी आहे. दुसऱ्या निरोगी वसाहतीतील ताजी अंडी व लहान अळ्या असलेली एक चौकट संशयित पेटीत द्यावी. दोनतीन दिवसांत तिच्यावर राणीघरे सुरू झाली, तर वसाहत राणीविरहित आहे. न झाल्यास पेटीत कोठेतरी राणी आहे. कदाचित ती अद्याप अंडी न घालणारी कुमारी राणी असेल. ही परीक्षा न करता विकत घेतलेली राणी पेटीत सोडली, तर ती बहुधा मारली जाते.

५. दिवसांचा हिशेब

राणी गेल्यापासून वसाहत पूर्ववत होईपर्यंत किती काळ लागतो, हे सातेरी माशीच्या बाबतीत स्थूलमानाने असे मांडता येईल. ऋतुमानानुसार यात एकदोन दिवसांचा फरक पडतो.

दिवस ० : राणी नाहीशी होते. पोळ्यात तिने त्याच दिवशी घातलेली अंडी असतात.

दिवस १ ते २ : माश्या एक-दोन दिवसांच्या अळ्या निवडून राणीघरे सुरू करतात.

दिवस ४ ते ५ : चांगल्या, लहान अळीवर बांधलेले राणीघर मेणाने बंद होते.

दिवस ६ : राणीने शेवटी घातलेल्या अंड्याची अळी तीन दिवसांची होते. यापुढे वसाहतीजवळ राणी करण्याजोगी स्वतःची अळी उरत नाही.

दिवस ११ ते १३ : नवी राणी बाहेर येते.

दिवस १७ ते २० : राणी मीलनासाठी उड्डाण करते.

दिवस २० ते २३ : ती अंडी घालू लागते. याच सुमारास जुन्या राणीच्या शेवटच्या अंड्यातील कामकरी माशी जन्मते.

दिवस ४० ते ४३ : नव्या राणीची पहिली कन्या घरातून बाहेर पडते.

या कोष्टकावरून दिसून येईल की, सर्व काही सुरळीत झाले तरी सुमारे वीस दिवस वसाहतीत एकही माशी जन्मत नाही. शिवाय नवजात माशी दोनतीन आठवडे घरकाम करते आणि मगच फुलांवर जाते. म्हणजे जवळजवळ दोन महिने वसाहतीचा संसार जुन्या माश्यांना ओढावा लागतो. पिलाव्याची जोपासना नसल्यामुळे त्या माश्या काहीशा अधिक जगतात, एवढाच काय तो दिलासा. पहिली राणी मीलनाच्या उड्डाणात हरपली, तर दुसऱ्या राणीसाठी अळीच शिल्लक नसते. बाहेरून साहाय्य न मिळाल्यास वसाहतीचा अंत ठरलेला असतो.

६. वसाहतीस साहाय्य करण्याची रीत

वसाहत स्वतःची राणी स्वतः करू शकते. मग माणसाने मध्ये पडण्याचे कारण काय? कारण घाई. आपत्तीत सापडलेल्या माश्या कधी कधी वयाने मोठ्या अळ्यांवरही राणीघरे बांधतात. अळी जितकी मोठी, तितकी राणी लवकर बाहेर येते; आणि प्रथम बाहेर आलेली राणी आपल्या बहिणींना त्यांच्या घरातच दंश करून मारते. अशा रीतीने सर्वांत निकृष्ट राणी राज्यावर बसण्याचा संभव असतो. माश्या स्वतःही बांधलेल्या राणीघरांपैकी पुष्कळशी पुढे मोडून टाकतात. तथापि पुढील क्रम पाळल्यास उत्तम राणी मिळण्याची खात्री वाढते.

पहिली पायरी – वसाहत आवरणे. माश्यांनी झाकलेली तेवढीच पोळी पेटीत ठेवून बाकीची काढावीत. रिकाम्या पोळ्यांत मेणपतंग शिरून त्याच्या अळ्या पोळी पोखरतात. माश्या दाट असतील तर त्यांना तो शिरकाव मिळत नाही. बाहेर फुलोरा नसल्यास समभाग साखर व पाणी यांचा पाक संध्याकाळी द्यावा. दिवसा पाक दिल्यास इतर वसाहतींच्या माश्या लुटीसाठी येतात.

दुसरी पायरी – बीज निवडणे. जी वसाहत मध भरपूर देते, शांत स्वभावाची आहे, निरोगी आहे आणि वारंवार पेटी सोडून जात नाही, तिच्यातून ताजी अंडी व नुकत्याच बाहेर आलेल्या अळ्या असलेली चौकट घ्यावी. पोळे नवे, फिकट रंगाचे असावे. जुने काळे पोळे कठीण झाल्याने माश्यांना ते वळविता येत नाही. लहान अळ्या असलेल्या भागाची खालची कड धारदार सुरीने नागमोडी कापावी. त्यामुळे कडेच्या अळ्यांखाली राणीघर लोंबण्यास मोकळी जागा मिळते. चौकटीवरील माश्या झटक्याने न पाडता मऊ पिसाने वा गवताच्या झुपक्याने हलकेच दूर कराव्यात. त्यांत त्या वसाहतीची राणी नाही, याची दोनदा खात्री करून घ्यावी. एका वसाहतीस राणी देण्याच्या प्रयत्नात दुसरी पोरकी करण्याचा प्रमाद नवशिक्यांच्या हातून पुष्कळदा घडतो.

तिसरी पायरी – निवड. चौकट दिल्यापासून तीन दिवसांनी पेटी उघडावी. इतक्यात जी राणीघरे बंद झाली असतील ती मोठ्या अळ्यांवर बांधलेली असणार, म्हणून मोडून टाकावीत. वसाहतीच्या स्वतःच्या पोळ्यांवरील राणीघरेही काढावीत. उघड्या राणीघरांपैकी ज्यांत अळीभोवती पांढरे राजान्न भरपूर आहे अशी दोनतीन, परस्परांपासून काही अंतरावर असलेली, ठेवावीत.

चौथी पायरी – विश्रांती. राणीघर बंद झाल्यानंतर आतील कोश अतिशय नाजूक असतो. चौकट आडवी करू नये, आपटू नये, उन्हात धरू नये. राणी बाहेर येण्याच्या वेळी माश्या राणीघराच्या टोकावरील मेण काढून टाकतात आणि आतील तपकिरी कोशावरण दिसू लागते. टोकाचे झाकण बिजागरीसारखे गोल कापलेले दिसल्यास राणी सुखरूप बाहेर आली असे समजावे. राणीघर बाजूने फोडलेले असेल, तर तिचा वध झाला आहे.

पाचवी पायरी – मीलनकाळ. या काळात पेटी जागेवरून हलवू नये, तिच्यासमोरील खुणा बदलू नयेत आणि दुपारी ती उघडू नये. राणी परत येताना जागा ओळखून येत असते. तिसरा आठवडा संपल्यावर एकदा, सकाळी, थोडक्यात तपासणी करावी. एकेका घरात तळाशी मध्यावर एकेक अंडे आढळले, आणि पुढे कोशांची झाकणे सपाट दिसली, म्हणजे कार्य सिद्धीस गेले.

अनेक राण्या एकदम हव्या असतील तर अमेरिकेतील डूलिटल यांनी १८८९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेली कलमपद्धती वापरतात. तीत मेणाच्या लहान वाट्या करून त्यांत एक दिवसाच्या अळ्या नाजूक सळईने उचलून ठेवतात आणि त्या राणीविरहित वसाहतीस वाढविण्यास देतात. तयार झालेले पक्व राणीघर गरजू वसाहतीस दिल्यास तिचे दहाबारा दिवस वाचतात. अंडी घालणारी राणी पिंजऱ्यातून दिल्यास त्याहूनही अधिक वेळ वाचतो. पिंजऱ्याच्या तोंडाशी साखरेचा घट्ट गोळा लावतात. माश्या तो दोनतीन दिवसांत खाऊन संपवितात आणि तेवढ्या अवधीत त्यांना नव्या राणीच्या गंधाची सवय होते. गंधाची ही सवय किती दूर जाऊ शकते, हे १९६० नंतरच्या दशकात त्या वेळच्या पंजाबातील नगरोटा येथे दिसून आले. अटवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी इटालियन माशीच्या राण्या स्थानिक माशीच्या वसाहतींत रुजविल्या. राणी परजातीची असूनही तिचा स्वीकार झाला आणि युरोपीय माशी भारतात स्थिरावली.

७. उशीर झाला तर

अंडी व अळ्या यांचाही गंध असतो आणि तो कामकरी माश्यांच्या अंडाशयांना निद्रिस्त ठेवतो. राणी नाही व पिलावाही नाही, अशी स्थिती आली की काही कामकरी माश्या स्वतः अंडी घालू लागतात. युरोपीय माशीत यास तीनचार आठवडे लागतात. सातेरी माशीत मात्र हा बदल फार लवकर, कित्येकदा आठवड्याभरात, दिसू लागतो. या माश्यांचे मीलन झालेले नसल्याने त्यांची सर्व अंडी अफलित असतात व त्यांपासून केवळ नर जन्मतात. वरवर पाहणाऱ्यास अंडी दिसतात आणि त्याचे समाधान होते. प्रत्यक्षात वसाहत मरणपंथास लागलेली असते.

हा भेद ओळखणे कठीण नाही. कामकरी माशीचे पोट आखूड असल्याने तिची अंडी तळाशी न पडता घराच्या भिंतींना चिकटतात. एकाच घरात तीनचार अंडी असतात. कोशांची झाकणे घुमटासारखी फुगीर असतात, आणि सातेरी माशीत नराच्या झाकणावर मध्यभागी एक बारीक छिद्रही दिसते.

अशी वसाहत नवी राणी सहसा स्वीकारीत नाही. तिला दर काही दिवसांनी उघड्या पिलाव्याची चौकट देत राहावे. त्या गंधाने कामकरी माश्यांचे अंडी घालणे मंदावते आणि पुढे एखाद्या चौकटीवर राणीघर सुरू होते. वसाहत फारच क्षीण झाली असल्यास तिला सबळ वसाहतीत मिसळून टाकणे श्रेयस्कर. दोन कोठ्यांच्या मध्ये बारीक छिद्रे पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवावा. माश्या तो कुरतडीपर्यंत दोन्हींचा गंध एक होतो आणि झुंज होत नाही.

८. ऋतू व नर

राणीघर बांधले म्हणजे राणी मिळाली असे नव्हे. मीलनासाठी नर लागतात. राणी अनेक नरांशी आकाशात मीलन पावते आणि तो साठा तिला जन्मभर पुरतो. नर अंड्यापासून सुमारे चोवीस दिवसांत जन्मतो व त्यानंतर दहाबारा दिवसांनी मीलनक्षम होतो. म्हणून राण्या तयार करण्याच्या दोनतीन आठवडे आधी परिसरातील वसाहतींत नरांचा पिलावा असला पाहिजे. एकाच वसाहतीतील भाऊबहिणींचे मीलन झाल्यास काही फलित अंड्यांपासून निरुपयोगी नर-अळ्या होतात व माश्या त्या खाऊन टाकतात. परिसरात भिन्न कुळांच्या अनेक वसाहती असाव्यात, असे म्हणतात ते यासाठीच.

कोलकाता व दक्षिण बंगालच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत मोहरी फुलते, फेब्रुवारी-मार्चमध्ये लिचीचा मोहर येतो आणि त्यानंतर सुंदरबनाच्या कडेला खारफुटीचा फुलोरा असतो. या काळात मध व पराग मुबलक, नर विपुल आणि आकाश निरभ्र असते; राणी तयार करण्यास हाच समय उत्तम. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत फुलोरा आटतो, माश्या नरांना पेटीबाहेर हाकलतात आणि पावसामुळे राणीला उड्डाण करता येत नाही. त्या काळात राणी गेली, तर नवी राणी घडविण्याच्या नादी न लागता वसाहत दुसरीत मिसळावी. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील दीर्घ पावसाळ्यासही हाच नियम लागू पडतो. निरभ्र ऋतूतही वेडा राघू व कोतवाल हे माशीखाऊ पक्षी राणीच्या वाटेवर असतातच. यास्तव एकदोन वसाहतींत जादा राण्या राखून ठेवणे हे दूरदृष्टीचे लक्षण होय.

९. उपसंहार

वसाहतीतील कोणतीही एक माशी राणी गेल्याची वार्ता सर्वांना सांगत नाही, कोणी आज्ञा देत नाही. तरीही काही तासांत हजारो माश्या त्याच एका कार्यास लागतात. त्या कार्याचे साधन म्हणजे तीन दिवसांहून लहान असलेली एक अळी आणि तिला भरविलेले अन्न. मधपाळाचे सारे कौशल्य ही अळी वेळेवर उपलब्ध करून देण्यात आणि त्यानंतर पेटी बंद ठेवून वाट पाहण्यात आहे. पेटी वेळच्या वेळी उघडली नाही म्हणून जितक्या वसाहती नष्ट होतात, तितक्याच ती वारंवार उघडल्यानेही नष्ट होतात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. राणी व कामकरी माशी यांचे अंडे सारखेच असते, हे शिराखच्या प्रयोगावरून कसे सिद्ध होते?

२. एका वसाहतीची राणी १ फेब्रुवारीस नाहीशी झाली. तिने स्वतःची राणी तयार केल्यास पहिली नवी कामकरी माशी कोणत्या तारखेच्या सुमारास जन्मेल?

३. पोळ्यात अंडी दिसत असूनही वसाहत राणीविरहित असू शकते काय? ते कोणत्या खुणांवरून ओळखाल?

४. तीन दिवसांनी बंद झालेली राणीघरे मोडावी असे का सांगितले आहे?

५. आपल्या गावाच्या परिसरात कोणत्या महिन्यात कोणती झाडे फुलतात, याचे एक वर्षाचे टिपण करा आणि तेथे राणी तयार करण्यास योग्य काळ कोणता ते ठरवा.